टायगरचं पथ्य

घरी कुणी जेवायला यायचं असलं की आपण आधी विचारून ठेवतो, काही पथ्य वगैरे आहे का? कुत्र्याच्या बाबतीत हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. कुत्रं म्हणजे दिलं ते गिळणारं जनावर, अशी आपली ठाम समजूत. पनवेलमध्ये जनावरांची डॉक्टर म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं मी लोकांना एवढंच पटवण्यात घालवली, की बाबा रे, तुझ्या कुत्र्याच्या पाठीवर जे उठलंय ते त्याच्या ताटातून आलेलं असू शकतं. निम्म्यांना पटायचं. उरलेले मान डोलवायचे आणि दवाखान्याबाहेर पडल्यावर त्याला टपरीवरचं ग्लुकोज बिस्कीट चारायचे. मी ते खिडकीतून बघायचे.

खरं तर मी शिकले ते म्हशींची कास आणि बैलांचे खूर बघायला. पण आजूबाजूची शेतं जसजशी इमारतींखाली गेली, तसतशी म्हैस दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी लॅब्रेडॉर आला. माझी त्याबद्दल तक्रार नाही. म्हैस लाथ मारते तेव्हा अगदी मनापासून मारते. लॅब्रेडॉर इंजेक्शन टोचल्यावरही हात चाटतो. फक्त म्हशीला कधी कुणी चीज खायला दिलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि या नव्या पेशंटांच्या पोटात काय काय जायचं ते ऐकून मी कपाळाला हात लावायचे. संकष्टीला मालकिणीबरोबर साबुदाण्याची खिचडी खाणारा पग मी पाहिलाय. त्याचा उपास चंद्रोदयाला सुटायचा.

दवाखान्यात येणाऱ्या दर दोन-तीन कुत्र्यांमागे एकाची तक्रार खाजेची असायची. पनवेलची हवाच तशी, दमट आणि खारट. आधी घरगुती उपाय झालेले असायचे. खोबरेल आणि कापूर, कडुलिंबाचा पाला, हळद. कळंबोलीकडून येणारी कुत्री तर काळीकुट्ट होऊन यायची, कारण ट्रकचं जळकं ऑइल अंगाला फासलं की खरूज जाते, असं तिकडे कुणीतरी ठरवून टाकलं होतं. ते चाटून कुत्रं आजारी पडायचं, आणि मग खरूज राहायची बाजूला आणि आधी विषबाधा निस्तरावी लागायची. त्या ऑइलवरून मी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीसुद्धा भांडले नसेन.

खाजेचं कारण शोधणं म्हणजे घरात कुठेतरी गळतंय आणि नळ कुठला ते कळत नाही, तसलं काम. आधी पिसवा आणि गोचिड्या बघायच्या. मग कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली खरजेचे किडे शोधायचे, बुरशी बघायची. हे सगळं निस्तरूनही खाज उरली, ऋतू बदलला तरी हटेना, कुत्रं पंजे चावतंय, कान सारखे बिघडताहेत, असं दिसलं की मग अन्नाकडे वळायचं. लोकांना वाटतं, काल-परवा काही नवीन खाल्लं असेल त्याने झालं. तसं क्वचितच असतं. वर्षानुवर्षं जे रोज खाल्लंय तेच एक दिवस अंगाला सोसेनासं होतं. रक्त तपासून हे खात्रीने सांगता येत नाही. एकच मार्ग आहे, आणि तो फार कंटाळवाणा आहे. कुत्र्याने आयुष्यात कधी न खाल्लेले एक-दोन पदार्थ निवडायचे आणि दोन महिने तेवढेच द्यायचे. बाकी काही म्हणजे काही नाही. बिस्कीट नाही, हाडूक नाही, लाडाने दिलेला पोळीचा तुकडा नाही. खाज गेली, तर मग जुना एकेक पदार्थ परत देऊन बघायचा. ज्याने खाज परत येईल तो चोर.

"मॅडम, त्यापेक्षा बाजारात त्वचेसाठीचं खास खाद्य मिळतं ना?" असं हमखास विचारलं जायचं. खारघरचं एक जोडपं असंच मोठी पिशवी काखोटीला मारून आलं होतं. वर चकचकीत माशाचं चित्र. त्यांच्या कुत्र्याला कोंबडी चालत नव्हती म्हणून त्यांनी मोठ्या काळजीने मासळीचं खाद्य निवडलेलं. मी पिशवी उलटी केली आणि मागची मुंगीएवढी अक्षरं त्यांना वाचायला लावली. पहिलंच नाव कोंबडीचं होतं. मासळी बरीच खाली, चवीपुरती. ती बाई इतकी चिडली की तिथल्या तिथे दुकानात जायला निघाली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगायचे, पिशवीचं तोंड बघू नका, पाठ बघा. खास खाद्यं वाईट असतात असं मी म्हणत नाही. काही फार चांगली असतात. पण पथ्य पाळायचं तर ते घरातल्या माणसांनी पाळायचं असतं, पिशवी ते पाळत नाही. आणि घरातल्या माणसांनी ते कसं पाळावं, हे मी ज्यांच्याकडून शिकले त्यांची गोष्ट मला सांगायची आहे.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी दवाखान्यासमोर एक डंपर येऊन थांबला. ड्रायव्हरच्या शेजारून एक उंच, काटक म्हातारे गृहस्थ उतरले, आणि त्यांच्या मागोमाग एक पिवळा लॅब्रेडॉर. म्हणजे पिवळा होता असं मानायचं. पोटावरचे आणि मांड्यांवरचे केस गेलेले, कातडी हत्तीच्या पायासारखी काळी आणि जाड झालेली, मागच्या पायावर ओली जखम. वास असा की बाकावरची मंडळी आपापली मांजरं घेऊन उठली.

"याचं नाव काय?" मी विचारलं.

"टायगर," म्हातारे अभिमानाने म्हणाले. टायगरने माझ्या पायावर डोकं टेकलं आणि पंजा चावायला सुरुवात केली.

हे जोमादादा. खाडीकडच्या एका गावातले आगरी. सगळी हयात मिठागरात गेलेली. पुढे जमिनी गेल्या, पैसा आला, मुलाचे डंपर झाले, तीन मजली बंगला झाला. बंगल्यात जोमादादांना करमेना, तेव्हा मुलगा जयेश याने त्यांना हे पिल्लू आणून दिलं. मिठागर सुटल्यापासून सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्न होता. टायगर आल्यावर तो सुटला. दोघं मिळून खाडीच्या बांधावर जायचे.

त्या दिवशी जयेशची बायको नम्रताही आली होती, मागून रिक्षाने. तिला सहावा महिना होता. ती टायगरपासून लांब, दारात उभी राहिली. "मॅडम, मी वाईट नाहीये," ती बसायच्या आधीच म्हणाली. "माझं पहिलं राहिलं नाही. त्यानंतर चार वर्षांनी हे. घरभर त्याचे केस, खपल्या. बाळाच्या अंगावर हे आलं तर? मी त्याला घरातून न्यायला सांगितलंय. तुम्हीच सांगा, माझं चुकतंय का?"

मी म्हटलं, चुकत नाही. जे सडलेलं दिसतंय ते बाळाजवळ नको असं वाटणं चुकीचं कसं असेल?

घरात यावरून बरंच झालं होतं. शेवटी ठरलं ते असं. नम्रता बाळंतपणाला माहेरी जाईल आणि बाळ घेऊन परत येईल, तोवर टायगर बरा झाला तर राहील. नाही तर तळोज्याच्या एका कारखान्यात राखणीला द्यायचा. जयेशने तिथल्या वॉचमनशी बोलणंही केलं होतं. लॅब्रेडॉर राखण ती काय करणार! चोर आला तर त्याला चेंडू आणून देईल. पण फाटकाशी साखळी, पत्र्याचं छप्पर आणि कारखान्याचा धूर, हे जोमादादांना दिसत होतं. "डाक्तरीनबाय," ते मला म्हणाले, "तिकरं गेला का तो म्हैनाभर नाय जगाचा. आन मी बी."

मी सगळं तपासलं. किडे नव्हते. बुरशी आणि पू होता, पण तो खाजवून झालेला. आधीच्या ठिकाणी त्याला खाज दाबायची इंजेक्शनं मिळत होती. त्याने काही दिवस आराम पडायचा आणि मग दुप्पट जोराने खाज परत यायची. मी नेहमीचा प्रश्न विचारला, वर्षात कधी आपोआप कमी होते का? जोमादादा म्हणाले, नाय. दारातून नम्रता म्हणाली, "होते. श्रावणात."

मी कान टवकारले. पावसाळ्यात कातडीचे आजार वाढतात. याचा कमी कसा होतो? आणि मग लख्ख उजेड पडला. श्रावणात त्यांच्या घरात मासळी येत नाही. कोंबडी नाही, अंडं नाही. महिनाभर सगळं घर शाकाहारी, आणि घराबरोबर टायगरही. एरवी त्याचं जेवण म्हणजे भात आणि मासळीचं कालवण, वर सुकट, बोंबलाची डोकी, उरलीसुरली कोंबडी.

"काय काय त्याने कधीच खाल्लं नाही?" मी विचारलं. फार वेळ विचार करून दोन नावं निघाली. मूग आणि रताळं. मुगाला त्या घरात आजाऱ्याचं खाणं समजत आणि रताळं उपासाच्या दिवशीच यायचं. मी तेच धरलं. मऊ शिजवलेले मूग, उकडलेलं रताळं, वर थोडं तेल. मीठ नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. जोडीला पूड करून द्यायची जीवनसत्त्वाची गोळी, तीही बिनवासाची, कारण कुत्र्यांच्या चवदार गोळ्यांतही मांसाचा अंश असतो. कायमचं अन्न म्हणून हे पुरेसं नाही, पण मोठ्या कुत्र्याला दोन महिने काढता येतात. जखमेचं औषध आणि अंघोळीचं औषध वेगळं दिलं.

"आणि तुमच्या ताटातलं काही द्यायचं नाही," मी बजावलं.

जोमादादांचा चेहरा उतरला. त्यांची रोजची रीत अशी, की ओटीवर ताट घेऊन बसायचं, टायगर समोर. एक घास यांनी खायचा, एक त्याला द्यायचा. "माज्या ताटानला घास तेला नाय दिला तं मना गिलत नाय," ते म्हणाले. "वरसां झाली."

"मग तुम्ही आत बसून जेवा."

"आन तो भाईर बसून वास घेल?"

मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा, पण नियम म्हणजे नियम. ते टायगरला घेऊन गेले. या केसचं काही होणार नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं. असल्या आजोबांनी माझी किती पथ्यं बुडवली होती याची गणतीच नव्हती.

दोन आठवड्यांनी ते तपासणीला आले तेव्हा हिराबाय, म्हणजे त्यांची बायको, बरोबर होती. ती आत आल्या आल्या माझ्यावरच तुटून पडली. "बाय, तू कुत्र्याला पथ्य सांगलास का मान्साला?"

काय झालं होतं ते ऐकून मी थक्क झाले. जोमादादांनी त्या दिवसापासून स्वतःची मासळी बंद केली होती. घरात हिराबाय कोळंबीचं कालवण करी, बोंबील तळी. हे ओटीवर बसून बिनमिठाचे मूग आणि रताळं खात होते. एक घास स्वतः, एक टायगरला. ताट एकच, त्यामुळे चुकायची भीतीच नाही. आगरी माणसाने मासळी सोडणं म्हणजे काय, ते या भागात राहिल्याशिवाय कळायचं नाही. बाजारात ताजी मासळी आली तर लोक हातातलं काम टाकून जातात. आणि इथे श्रावण नाही, उपास नाही, नवस नाही, कुत्र्याच्या पायाला खाज सुटते म्हणून एक म्हातारा माणूस मासळी सोडून बसला होता.

"निदान मीठ तरी घाला हो तुमच्या वाट्यात," मी म्हटलं.

"आख्खा जलम मीठच काडला," जोमादादा हसून म्हणाले. "थोरं दिवस नाय खाल्ला तं काय मरत नाय."

मला वाटलं उठून त्यांच्या पाया पडावं. पडले नाही, कारण टायगर पायात बसला होता.

आता इतकं केल्यावर गुण यायला हवा होता. जखम सुकली, वास गेला. पण खाज हटेना. महिना होत आला तरी पंजे लाल, पोटावर ताजे ओरखडे. माझा सरळ तर्क, कुणीतरी काहीतरी चारतंय. मी जोमादादांना खोदून विचारलं. त्यांनी टायगरच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. जयेश म्हणाला, मी नाही. हिराबाय म्हणाली, "मना काय हौस हाय?" गल्लीतल्या पोरांना दम भरून झाला होता. टायगर दोरीशिवाय कुंपणाबाहेर जात नव्हता. मला वाटायला लागलं, खाज अन्नाची नसेलच. धुळीची असेल, हवेची असेल. तसं असलं तर हे सगळं वाया, आणि टायगर तळोज्याला. ते जोमादादांना कसं सांगायचं याची मी जुळवाजुळव करू लागले.

त्याच आठवड्यात दुपारी दवाखान्यात फोन आला. नम्रता बोलत होती, दबक्या आवाजात. "मॅडम, तुम्ही घरी याल का? तो काय खातो ते मला कळलंय."

मी रिक्षा करून गेले. नम्रता पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. पहिलं राहिलं नव्हतं म्हणून तिला खाली-वर करायला मनाई होती, त्यामुळे ती दिवसभर तिथेच बसायची. तिने खाली परसात बोट दाखवलं. तिथे एक माड होता, चांगला भरगच्च. हिराबाय मासळी साफ करून धुतलेल्या पाण्याचं पातेलं घेऊन आली, ते तिने माडाच्या बुंध्याशी ओतलं आणि आत गेली. थोड्या वेळाने टायगर सावलीला यावा तसा डुलत आला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि माडाच्या बुडाशी मान घालून ओली माती चाटायला लागला.

किती साधं होतं! मासळीच्या पाण्यावर माड पोसतो, म्हणून इथल्या घराघरांत ते पाणी माडाला घालतात. त्याला कुणी अन्न म्हणत नाही. मग कुत्र्याला काय काय मिळतं असं विचारल्यावर ते कुणाला आठवणार? मी विचारलेलं तोंडात काय घालता, आणि त्यांनी दिलेलं उत्तर शंभर टक्के खरं होतं.

मी नम्रताकडे बघितलं. एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती आणि ती विचारल्यावाचून मला राहवेना. "तू हे सांगितलं नसतंस तर टायगर आपोआप गेला असता. तुला तेच हवं होतं ना?"

"हवंच होतं," ती म्हणाली. "दोन दिवस मी गप्पच बसले होते मॅडम. पण रोज दुपारी वरून बाबा दिसतात. घरात पापलेट तळलेलं असतं आणि ते तिथे बसून त्या कुत्र्याबरोबर मूग खात असतात. तोंडातून अवाक्षर नाही. मला एकदाही टोचून बोलले नाहीत. आणि इकडे हा माती चाटतोय. म्हणजे ते हरणारच होते, आणि का हरले ते त्यांना कधी कळलंही नसतं. असं नको वाटलं मला."

माझ्या कामात मी हुशार माणसं पुष्कळ पाहिली. पण जिंकत आलेला डाव असा स्वतःच्या हाताने उधळणारं माणूस मी पाहिलं नव्हतं, आणि तेही पोटात जीव असताना, मनात धास्ती असताना. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली उतरले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

खाली हिराबायला सांगितलं तेव्हा तिने डोक्यालाच हात लावला. "माजे सासूपासून वततांव बाय! नारलाला मासलीचा पानी, ते कोन सोरतं?" पण सोडलं. बुंध्याची माती जयेशने उकरून टाकली, नवी भरली आणि भोवती जुन्या जाळ्याचं कुंपण घातलं. मासळीचं पाणी कुंपणापलीकडच्या गटारात जाऊ लागलं. "औंदा नारल बारकं झाले तं तुजे घरा आनून देन," असा दम हिराबायने मला भरला.

नम्रता माहेरी गेली. आणि इकडे टायगरचा कायापालट सुरू झाला. आधी पंजे चावणं थांबलं. मग कान स्वच्छ झाले. मग काळ्या कातडीवर पिवळी लव दिसायला लागली, इतकी मऊ, की जोमादादा दर भेटीत माझा हात धरून तिच्यावरून फिरवायचे. शिवरात्रीच्या सुमाराला नम्रताला मुलगी झाली. जोमादादा पेढे घेऊन आले, आणि टायगरला त्यांनी पेढ्याचा वाससुद्धा घेऊ दिला नव्हता, हे आधी सांगितलं.

आता एक काम राहिलं होतं, आणि ते करायला त्यांचा जीव धजत नव्हता. चोर पकडायचा तर त्याला एकदा घरात घ्यावा लागतो. मी सांगितलं, उकडलेला बोंबील, थोडासा, नुसता. "बरा झालाय तं परत कशाला?" ते काकुळतीला आले. मीही मनातून घाबरले होते, कारण खाज परत आली तर सून यायच्या आत ती शमायला हवी होती. पण खात्री केली नसती तर म्हाताऱ्याने आयुष्यभर सगळ्याच गोष्टींना भ्यायचं का? बोंबील दिला. टायगरने तो असा गिळला की मी डोळे मिटले. दोन दिवसांत पंजे लाल. लगेच बंद केलं, आणि काही दिवसांनी पुन्हा स्वच्छ. चोर मासळीच होती.

पुढचं इथेच सांगून टाकते. नंतरच्या महिन्यांत आम्ही एकेक पदार्थ परत देऊन पाहिला. भात चालला, अंडं चाललं, कोंबडीही चालली. मासळी कधीच चालली नाही. टायगर म्हातारा होऊन गेला तोवर त्या ओटीवर मासळीचं ताट आलं नाही. जोमादादा मासळी खायचे, पण कुणाच्या लग्नाच्या हळदीला, नाही तर जयेशबरोबर हॉटेलात, आणि घरी येताना हातपाय साबणाने धुऊन यायचे. माझ्या हाताखालून पुढे कितीतरी कुत्री अन्नावर बरी झाली. शिकलीसवरली माणसं दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडून देत, तेव्हा मी त्यांना या घराची गोष्ट ऐकवायचे. काहींना लाज वाटे, काही म्हणत, तुम्ही फार रंगवून सांगता.

पण मला आठवतो तो नम्रता बाळ घेऊन घरी आली तो दिवस. बोंबलाची परीक्षा नुकतीच झाली होती, बाकी काहीच देऊन पाहिलं नव्हतं, म्हणजे पथ्य चालूच होतं. जोमादादांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "तुमी तुमचे तोंडानं सुनंला सांगा," ते म्हणाले, "का यो बरा झाला, याचा कुनाला काय लागाचा नाय. माजा सांगना निराला, तुमचा निराला." मी रस्ताभर काय बोलायचं ते घोकत गेले. हा संसर्गाचा आजार नव्हता, आता जखम नाही, पिसवा नाहीत, जंताचं औषध दिलंय, लहान बाळाला एकटं कुत्र्याजवळ ठेवू नये एवढं पाळलं की झालं.

गाडी आली. ओटीच्या पायरीपाशी जोमादादा टायगरची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे. धुतलेला पांढरा शर्ट, आणि टायगरही अंघोळ घातलेला, लखलखीत. शेजारीपाजारी गोळा झाले होते. नम्रता उतरली, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. हिराबाय दारात पाण्याचा तांब्या आणि तांदळाच्या भाकरीचा तुकडा घेऊन आली, मायलेकींवरून ओवाळून टाकायला. नम्रताने टायगरकडे पाहिलं. टायगरने शेपटी हलवायला सुरुवात केली. जोमादादांनी दोरी आणखी आखडली. मी घसा साफ करून पुढे झाले.

"आई, थांबा," नम्रता म्हणाली.

तिने बाळ जयेशकडे दिलं, खांद्यावरच्या पिशवीतून एक छोटा स्टीलचा डबा काढला आणि हिराबायच्या हातात ठेवला. आत सोललेलं, उकडलेलं रताळं होतं.

"भाकरी नको, हे ओवाळा," ती म्हणाली. "त्याला तांदूळ अजून द्यायचा नाहीये ना? ओवाळून टाकलेलं शेवटी तोच उचलणार."

तिने बाळ जयेशकडून परत घेतलं. हिराबायने रताळ्याची फोड उचलली, मायलेकींवरून तीनदा ओवाळली, दोघींच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि फोड बाजूला भिरकावली. जोमादादांच्या हातून दोरी कधी सुटली ते त्यांनाही कळलं नाही. टायगरने फोड वरच्यावर झेलली. नम्रता बाळ घेऊन उंबरठा ओलांडून आत गेली.

मला बोलायचं होतं ते सगळं तसंच राहिलं होतं. मी जोमादादांकडे वळले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"डाक्तरीनबाय," ते म्हणाले, "आता तुमी काय सांगू नका."